पंप बंद करणारा मेसेज कोण पाठवतंय? नेटवर्क कॅप्चरमधून मजकूर गाळण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पाण्याच्या पंपांना बसवायचे कंट्रोलर बनवणारी एक कंपनी. नाव, ठिकाण आणि ओळख पटेल असं बाकीचं सगळं काढून टाकलंय. हे कंट्रोलर एमक्यूटीटीवर बोलतात, म्हणजे मधे एक ब्रोकर बसलेला असतो, सगळे त्यालाच जोडलेले, ज्याला काही सांगायचंय तो एखाद्या टॉपिकवर पब्लिश करतो आणि ज्यांनी तो टॉपिक सबस्क्राइब केलाय त्यांना ब्रोकर ते पोचवतो. प्रत्येक पंपाला एक कमांडचा टॉपिक आणि एक स्टेटसचा. मेसेजच्या आत साधं जेसन, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांत लिहिलेला मजकूर.

बाहेरून येणारी कनेक्शनं टीएलएसवर, म्हणजे कुलूपबंद, पोर्ट ८८८३. पण टीएलएस लोड बॅलन्सरवरच (येणारी कनेक्शनं वाटून देणारा मधला सर्व्हर) उघडलं जायचं आणि तिथून ब्रोकरपर्यंत पोर्ट १८८३ वर सगळं उघडं. सिक्युरिटीवाल्या माणसाला हे वाचून त्रास होईल, होऊ दे, पण या प्रकरणात तेच कामाला आलं. टीएलएसच्या आतला मजकूर गाळायचा तर की, म्हणजे किल्ली, लागते, आणि टीएलएस १.३ मध्ये तर सर्व्हरची प्रायव्हेट की हातात असली तरी आधी घेतलेलं कॅप्चर (नेटवर्कवरून गेलेल्या पॅकेटची जशीच्या तशी नोंद) उघडत नाही, प्रत्येक सेशनच्या की त्या-त्या वेळी लॉग केलेल्या असाव्या लागतात. इथे त्यातलं काहीच करावं लागलं नाही.

पंपाला कमांड पाठवू शकणारे तिघे होते: मोबाइल ॲपच्या मागचा एपीआय, वेळापत्रक चालवणारी सर्व्हिस, आणि टाकीतली पातळी बघून पंप चालू-बंद करणारं एक जुनं रूल इंजिन. या जुन्या इंजिनावर सगळ्यांचाच आधीपासून राग होता, हे इथेच सांगून ठेवतो कारण पुढे त्याचा परिणाम झाला.

अडचण

काही पंप मधेच बंद व्हायला लागले. कंट्रोलरच्या स्वतःच्या लॉगमध्ये स्पष्ट होतं की ऑफची कमांड आली म्हणून बंद झालो. एपीआयच्या लॉगमध्ये त्या वेळेला काही नाही, वेळापत्रकात काही नाही. रूल इंजिनचे लॉग इतके त्रोटक की त्यातून हो पण म्हणता येईना आणि नाही पण.

मग डिव्हाइसलाच का नाही विचारायचं की कमांड कोणाकडून आली? तर एमक्यूटीटीत ती सोयच नाही. ब्रोकर जेव्हा मेसेज पुढे ढकलतो तेव्हा त्यात मूळ पाठवणाऱ्याचा क्लायंट आयडी नसतो. टॉपिक असतो, मजकूर असतो, काही बिट्स असतात, बस. पाठवणारा कोण हे फक्त ब्रोकरला माहिती, आणि ब्रोकरच्या लॉगमध्ये कनेक्ट-डिसकनेक्टच्या पलीकडे काही ठेवलेलं नव्हतं. मुद्दामच ठेवलेलं नव्हतं, कारण ट्रॅफिक खूप आणि काही मेसेजमध्ये ग्राहकांचे फोन नंबर.

सपोर्टच्या तिकिटांमध्ये एक वाक्य पुन्हापुन्हा यायचं, "नेट जाऊन आल्यावर हे जास्त होतं." ते कोणी मनावर घेतलं नाही. सपोर्टवाले प्रत्येक गोष्टीला नेट गेलं म्हणतात अशी ख्याती होती ना.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, ब्रोकरवर मेसेजचं पूर्ण लॉगिंग चालू करायचं. त्यासाठी ब्रोकर रीस्टार्ट करावा लागणार होता आणि लॉगमध्ये फोन नंबर जाणार होते, म्हणून नाही म्हटलं गेलं. (नंतर कळलं की तेव्हा रीस्टार्ट केला असता तर ज्या-ज्या पंपांना हा आजार होता ते सगळे एकाच वेळी बंद झाले असते. का ते पुढे येईलच.)

दुसरा पर्याय, एक साधा क्लायंट घ्यायचा, सगळ्या पंपांचे कमांड टॉपिक वाइल्डकार्डने सबस्क्राइब करायचे आणि बघत बसायचं. पाच मिनिटांचं काम. पण बॅकएंड सांभाळणारी म्हणाली की यातून पाठवणारा कळणारच नाही, डिव्हाइसला जे दिसतं तेच आपल्याला दिसेल, मग उपयोग काय. मुद्दा अगदी बरोबर होता, आणि तरीही हा पर्याय सोडणं सगळ्यात महाग पडलं.

तिसरा पर्याय, ब्रोकरच्या मशीनवर पॅकेट कॅप्चर करायचं, ऑफ असलेले मेसेज गाळून काढायचे, ते कोणत्या टीसीपी कनेक्शनवरून आले ते बघायचं आणि कनेक्शनवरून क्लायंट शोधायचा. पाठवणाऱ्यापर्यंत नेणारा हा एकच रस्ता दिसत होता, म्हणून हाच घेतला.

यातही आत बरेच निर्णय होते आणि खरी मजा तिथेच आहे.

कॅप्चर करतानाच गाळायचं की नंतर?

कॅप्चर करताना लावायचा फिल्टर आणि वायरशार्क या कॅप्चर वाचायच्या टूलमध्ये फाइल उघडल्यावर वरच्या पट्टीत लावायचा डिस्प्ले फिल्टर या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, भाषा सुद्धा वेगळी. पहिला बीपीएफवर, म्हणजे बर्कली पॅकेट फिल्टरवर चालतो. स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉरेन्स बर्कली लॅबमध्ये तो केला तो एका कामासाठी, की कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) येणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर घ्यायचं की टाकायचं हे चटकन ठरवता यावं. त्यात मागे उडी मारता येत नाही, म्हणजे लूप नाही, म्हणजे "या पॅकेटमध्ये कुठेही हा शब्द आहे का" हे विचारताच येत नाही. अमुक जागेपासून एक, दोन किंवा चार बाइट उचलून तुलना करा, एवढंच.

तरी टीममधल्या एकाने युक्ती काढली. एमक्यूटीटीच्या प्रत्येक मेसेजच्या पहिल्या बाइटचे वरचे चार बिट म्हणजे मेसेजचा प्रकार, पब्लिश असेल तर ३. टीसीपी हेडरची लांबी बदलती असते, पण ती हेडरमध्येच लिहिलेली असते, शून्यापासून मोजलं तर बाराव्या बाइटच्या वरच्या चार बिट्समध्ये. तेवढं वाचायचं, हेडर ओलांडायचं आणि पुढचा पहिला बाइट तपासायचा, म्हणजे फक्त पब्लिश असलेली पॅकेट फाइलमध्ये जातील आणि फाइल आटोपशीर राहील. दिसायला भारी फिल्टर होता तो, खरंच. अडचण अशी की तो फक्त पॅकेटमधला पहिला मेसेज बघतो. एका सेगमेंटमध्ये (टीसीपीच्या एका पॅकेटमध्ये) आधी पिंग किंवा पबॅक, म्हणजे पोच, आणि त्याच्यामागे पब्लिश असेल तर गेलं. मेसेज मोठा असून दोन सेगमेंटमध्ये फुटला असेल तर दुसरा तुकडा गेला, कारण त्याच्या पहिल्या बाइटला काही अर्थच नसतो, आणि दुसरा तुकडा नसेल तर नंतर जोडणी पण होत नाही. शिवाय ही टीसीपीच्या आत बोट घालायची पद्धत आयपीव्ही६ वर चालत नाही.

ठरलं असं की कॅप्चर करताना फक्त पोर्ट १८८३, बाकी काही गाळायचं नाही. फाइल मोठ्या झाल्या तर होऊ दे, रिंग बफर लावायचा, म्हणजे ठराविक आकाराच्या ठराविक फाइली, भरल्या की सगळ्यात जुनी पुसली जाते. पंप बंद पडल्याचा फोन आला की लगेच त्या वेळच्या फाइली बाजूला काढायच्या. माझ्या मते या प्रकरणातला हा सगळ्यात चांगला निर्णय. कॅप्चर करताना जे टाकून दिलं ते परत मिळत नाही, डिस्प्ले फिल्टर मात्र हवा तितक्या वेळा बदलता येतो.

किती बाइट घ्यायचे यावरही बरीच चर्चा झाली. फोन नंबरची काळजी असणारे म्हणत होते की प्रत्येक पॅकेटचे पहिले १२८ बाइटच घ्या. पण टॉपिकची नावं लांब होती, हेडर धरून १२८ मध्ये जेमतेम टॉपिक संपायचा, मजकूर कापला जाणार. मजकुरावर गाळायचं असेल तर मजकूर घ्यावाच लागतो, त्यातून सुटका नाही. म्हणून पूर्ण पॅकेट घ्यायचं, फाइली त्याच मशीनवर राहतील, दोघांनाच बघायची परवानगी, आणि काम झालं की पुसायच्या, असं लिहून ठेवलं. एक गोष्ट मात्र तेव्हा कोणाच्या डोक्यात आली नाही. एमक्यूटीटीच्या कनेक्ट मेसेजमध्ये युजरनेम-पासवर्ड असतात आणि इथे ते उघडे होते, म्हणजे फोन नंबरपेक्षा मोठा ऐवज त्या फाइलींमध्ये जमा होत होता.

फिल्टर लावायला सुरुवात

पहिला फिल्टर कोणीही लावेल तो, फ्रेममध्ये, म्हणजे कॅप्चरमधल्या एका पॅकेटमध्ये, ऑफ हा शब्द आहे का. हजारोंनी ओळी आल्या. कारण स्टेटसच्या जेसनमध्ये ऑफसेट नावाचं एक फील्ड होतं, प्रत्येक पंप ठराविक वेळाने ते पाठवायचा आणि ऑफसेटमध्ये ऑफ आहेच.

मग नीट लिहिलं: अवतरणचिन्हात कमांडची की, कोलन, अवतरणचिन्हात ऑफ, सगळं जोडून. शून्य. एक पंप तर त्या दिवशी बंद पडलेला होता, त्या वेळची फाइल समोर होती आणि ब्रोकरकडे येणाऱ्या ट्रॅफिकमध्ये शून्य.

इथे टीममध्ये दोन तट पडले. एक म्हणाला, बघा, कोणी पाठवलेलंच नाही, कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या प्रोग्रॅममध्ये) बग आहे, तो स्वतःच बंद होतो आणि कमांड आली म्हणून लॉग करतो. फर्मवेअरवाले अर्थातच भडकले. दुसरा म्हणाला, तुमचा फिल्टरच चुकीचा आहे. दोघांकडे आपलं म्हणणं सिद्ध करायला काहीच नव्हतं.

सुटका साध्या गोष्टीने झाली. टेबलावर एक टेस्ट कंट्रोलर होता, त्याला मोबाइल ॲपवरून मुद्दाम ऑफ पाठवलं, कॅप्चर चालू ठेवून, आणि त्याच फाइलवर तोच फिल्टर लावला. शून्य! डोळ्यांसमोर पाठवलेला मेसेज त्या फिल्टरला दिसत नव्हता. म्हणजे आधीच्या शून्याला काडीची किंमत नव्हती, फर्मवेअरवर घेतलेला आळ पण मग त्याच भावात.

कारण निघालं स्पेस. एपीआय पायथॉनमध्ये होता आणि पायथॉनचं जेसन लायब्ररीचं नेहमीचं आउटपुट कोलननंतर एक स्पेस टाकतं. फिल्टर लिहिणाऱ्याने नमुना घेतला होता तो जावास्क्रिप्टवाल्या वेळापत्रक सर्व्हिसच्या लॉगमधून, तिथे स्पेस नसते. जेसन म्हणून दोन्ही सारखंच, पण फिल्टरमधला कंटेन्स हा ऑपरेटर जेसन बघत नाही, बाइट बघतो, लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही धरतो. मग मॅचेस वापरलं, म्हणजे रेग्युलर एक्सप्रेशन, कोलनच्या आजूबाजूला कितीही मोकळी जागा चालेल असं. मॅचेस वायरशार्कमध्ये अक्षराचा लहान-मोठेपणा आपोआप सोडून देतं, ते इथे बरंच पडलं.

आता टेस्टचा मेसेज सापडायला लागला. पण एकदा विश्वास गेल्यावर टीमने शहाणपणा केला, पाठवू शकणाऱ्या तिघांकडून प्रत्येकी एक मुद्दाम ऑफ पाठवायचं आणि फिल्टर तिन्ही पकडतो का बघायचं असं ठरवलं. आणि इथून एकेक गोष्ट बाहेर यायला लागली.

तुकडे, जोड आणि एक चुकीचा संशयित

वेळापत्रक सर्व्हिसचा टेस्ट मेसेज सापडेना. ती एका मेसेजमध्ये पूर्ण आठवड्याचं वेळापत्रक आणि शेवटी तात्काळ कमांड असं पाठवायची, मेसेज दीड-दोन हजार बाइटच्या पुढे. इथरनेटवर एका सेगमेंटमध्ये साधारण १४६० बाइट मावतात, त्यामुळे मेसेज फुटायचा आणि या टेस्टमध्ये ऑफ नेमकं सांध्यावर आलं, अर्धं इकडे अर्धं तिकडे. फ्रेममध्ये शोधणारा फिल्टर एका वेळी एकच फ्रेम बघतो, त्याला ते दिसणार कसं? एनग्रेपसारखी पॅकेटमागून पॅकेट ग्रेप करणारी साधनंही इथेच अडखळतात.

उपाय, फ्रेमऐवजी एमक्यूटीटीच्या मेसेज फील्डवर फिल्टर लावणे. टीसीपी जोडणीची सेटिंग चालू असेल तर वायरशार्क आधी तुकडे जोडतो, मग मेसेज उलगडतो आणि मग त्या फील्डमध्ये शोधतो. फक्त लक्षात ठेवायचं की उत्तर शेवटचा तुकडा आला त्या फ्रेमवर दिसतं, वेळही तीच दिसते. सुरुवात कधी झाली ते मागे जाऊन बघावं लागतं.

मग रूल इंजिनची पाळी. इथे उलटा घोळ. बंद पडलेल्या पंपाचा टॉपिक आणि मजकुरात ऑफ, अशा दोन अटी अँड करून लावल्यावर बंद पडण्याच्या काही मिनिटं आधीची एक फ्रेम सापडली, रूल इंजिनकडून आलेली. झालं, सगळे खूश, म्हटलं होतंच ना हेच असणार! मीटिंगचं बोलावणंसुद्धा गेलं.

ती फ्रेम उघडून नीट वाचली बॅकएंडवालीने. रूल इंजिन मेसेज एकदम सोडायचं, त्यामुळे एका सेगमेंटमध्ये चार-पाच पब्लिश एकामागे एक. त्यातल्या एकाचा टॉपिक आपल्या पंपाचा, पण मजकूर ऑन. दुसऱ्याचा मजकूर ऑफ, पण टॉपिक भलत्याच पंपाचा. फिल्टरला विचारलं होतं की या फ्रेममध्ये असा टॉपिक कुठे आहे का आणि असा मजकूर कुठे आहे का. दोन्हीला उत्तर हो. दोन्ही एकाच मेसेजमध्ये आहेत का, हे विचारलंच नव्हतं. डिस्प्ले फिल्टर फ्रेम निवडतो, मेसेज निवडत नाही. हे लिहिलेलं सगळीकडे असतं, पण अंगावर आल्याशिवाय कळत नाही.

हे टाळायला टीशार्कने (वायरशार्कचंच कमांड लाइनवरचं रूप) टॉपिक आणि मजकूर बाहेर काढून छोट्या स्क्रिप्टमध्ये जोड्या जुळवायचं ठरलं. तिथेही एक खड्डा. एका फ्रेममध्ये एकाच फील्डच्या अनेक किमती असल्या की टीशार्क त्या स्वल्पविरामाने जोडून देतो, आणि जेसनमध्ये स्वल्पविराम भरलेले, मग कुठला मजकूर कुठल्या टॉपिकचा काही कळत नाही. जोडायचं चिन्ह बदलता येतं, ते बदलून मजकुरात कधीच न येणारं चिन्ह ठेवलं, तेव्हा स्क्रिप्ट नीट चालली.

याच सुमारास दोघांच्या लॅपटॉपवर एकाच फाइलवर एकाच फिल्टरची वेगवेगळी उत्तरं यायला लागली. स्टेटसचा गोंधळ नको म्हणून त्यांनी "टॉपिक अमुक स्टेटस नाही" अशी नॉट-इक्वलची अट घातली होती. वायरशार्कच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये याचा अर्थ व्हायचा की फ्रेममधला एखादा तरी टॉपिक वेगळा आहे. ३.६ मध्ये, २०२१ साली, तो बदलून एकही टॉपिक तो नाही असा केला. म्हणजे नव्या आवृत्तीत ज्या फ्रेममध्ये ते स्टेटस आणि कमांड शेजारी-शेजारी होते ती अख्खी फ्रेम गायब, कमांडसकट. नवा अर्थ माणसाच्या अपेक्षेला जवळचा आहे यात वाद नाही, पण जिथे एका फ्रेममध्ये अनेक मेसेज बसतात तिथे वगळणारा फिल्टर नेहमीच धोक्याचा. त्यानंतर टीमने नियम केला की हवं ते मागायचं, नको ते वगळायचं नाही.

अजून एक बारीक गोष्ट. तिघांपैकी एक क्लायंट एमक्यूटीटी ५ वर होता आणि त्यात टॉपिक अलायस असतो, पहिल्यांदा पूर्ण नाव पाठवलं की पुढे फक्त एक आकडा, नावाची जागा रिकामी. कॅप्चर सुरू व्हायच्या आधी तो आकडा ठरला असेल तर फाइलमध्ये नाव कुठेच नसतं, कुठलंही टूल आणलं तरी. म्हणून टॉपिकवरचा फिल्टर सोडून निव्वळ मजकुरावरचा एक वेगळा फेरा मारायचा ठरला आणि रिकाम्या टॉपिकच्या मेसेजची यादी हाताने तपासली. यादी छोटी होती म्हणून जमलं.

आता शून्य खरं होतं

तिन्ही टेस्ट मेसेज पकडणारा फिल्टर तयार झाला. कॅप्चरमध्ये पॅकेट गळत नाहीत ना हेही बघितलं, कॅप्चर करणारा टीसीपीडम्प बंद करताना कर्नलने किती पॅकेट टाकली तो आकडा सांगतो, तो आधी शून्य नव्हता, बफर वाढवल्यावर झाला. मग पुढचा पंप बंद पडायची वाट बघितली. पडला. फाइली बाजूला काढल्या, फिल्टर लावला, ब्रोकरकडे येणारं ट्रॅफिक, त्या पंपासाठी ऑफ.

पुन्हा शून्य.

पण या वेळी त्या शून्यावर कोणी फिल्टर चुकलाय म्हणेना. कोणीही ऑफ पाठवलेलं नाही, ही आता माहिती होती. आणि तरी कंट्रोलर म्हणतोय मिळालं. दोन्ही खरं मानलं तर मधे एकच जण उरतो, ब्रोकर. मग कोणीतरी म्हटलं, अरे आपण फक्त येणारं बघतोय, जाणारं बघा की. फिल्टरमधला पोर्ट डेस्टिनेशनवरून सोर्सवर नेला, एवढाच बदल.

लगेच सापडलं. ब्रोकरकडून त्या पंपाकडे गेलेलं पब्लिश, मजकुरात ऑफ. त्याच कनेक्शनचं बाकीचं बघितलं तर क्रम असा: पंपाचा नवा कनेक्ट, मग सबस्क्राइब, आणि त्याला लागूनच हे पब्लिश. पहिला बाइट हेक्समध्ये ३० असायला हवा होता, होता ३१. शेवटचा बिट चालू, म्हणजे रिटेन.

रिटेन म्हणजे फळ्यावर लिहून ठेवलेली सूचना. पाठवणाऱ्याने हा बिट लावून पब्लिश केलं की ब्रोकर त्या टॉपिकवरचा तो शेवटचा मेसेज जपून ठेवतो आणि जो कोणी नंतर सबस्क्राइब करेल त्याला तो देतो, रिटेन बिट चालू ठेवून. आधीपासून जोडलेल्यांना मात्र ताजा मेसेज बिट बंद करूनच जातो. पंप बसवताना वापरायच्या एका जुन्या स्क्रिप्टमध्ये चाचणी संपल्यावर पंप बंद करायची कमांड होती आणि तिला रिटेन लावलेलं होतं. रोजच्या कमांड रिटेनशिवाय जायच्या, त्यामुळे त्या जुन्या ऑफला कोणी पुसलं नाही, तो ब्रोकरमध्ये बसून राहिला. पंपाचं नेट गेलं, परत आलं, पंपाने सबस्क्राइब केलं की ब्रोकर म्हणणार, घे, तुझ्यासाठी निरोप आहे, बंद हो. सपोर्टवाले तिकिटात लिहीत होते ते अक्षरशः खरं होतं.

काही पंपांनाच का, तर त्या स्क्रिप्टने बसवलेले तेवढेच. रीस्टार्टचा पर्याय का भयंकर ठरला असता तेही आता कळलं असेल, डिस्कवर जपलेले रिटेन मेसेज रीस्टार्टनंतरही राहतात आणि सगळे पंप एकदम परत जोडले गेले असते.

निकाल

रिटेन मेसेज काढायची पद्धत सोपी आहे, त्याच टॉपिकवर रिटेन लावून रिकामा मजकूर पब्लिश करायचा. घाईत एकाने सगळेच पुसायची तयारी केली होती, त्याला थांबवलं, कारण स्टेटसचे आणि सेटिंगचे रिटेन मेसेज रास्त होते, ते पुसले असते तर ॲपवर निम्मे पंप दिसलेच नसते. आधी फक्त कमांड टॉपिकचे रिटेन मेसेज काढून यादी केली, यादी स्क्रिप्टच्या नोंदींशी ताडून बघितली आणि मग पुसले. आपोआप बंद व्हायच्या तक्रारी थांबल्या.

स्क्रिप्टमधलं रिटेन काढलं. फर्मवेअरमध्ये बदल सुचवला की कमांड टॉपिकवर रिटेन बिट चालू असलेला मेसेज आला तर लॉग करा पण पाळू नका. हा बदल हळूहळू पोचतोय, जुन्या हार्डवेअरवर पोचणारच नाही.

कॅप्चरच्या फाइली पुसल्या. पासवर्डचा मुद्दा उशिरा लक्षात आल्यामुळे ज्या डिव्हाइसचे कनेक्ट मेसेज त्या फाइलींमध्ये आले होते त्यांचे पासवर्ड बदलायचे की फाइली बाहेर गेल्या नाहीत म्हणून सोडून द्यायचं यावर वाद झाला आणि शेवटी बदलले. जरा जास्तच वाटलं काहींना. मला तरी योग्यच वाटलं, कारण एका सहकाऱ्याने मधे एक फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर नेली होती, आवृत्तीचा तो घोळ तपासायला.

वेगळं काय करता आलं असतं

वाइल्डकार्डने सबस्क्राइब करायचा पर्याय सोडला तिथे वेळ सगळ्यात जास्त गेला. त्या क्लायंटला सबस्क्राइब केल्या-केल्या सगळे जुने ऑफ रिटेन बिटसकट समोर आले असते, बाहेरून कोणी काही न पाठवता. तो सोडला कारण प्रश्न "कोण पाठवतंय" असा ठरवून टाकला होता आणि त्या प्रश्नाला तो पर्याय उत्तर देत नव्हता. प्रश्न "पंपाला काय आणि कधी मिळतंय" असा ठेवला असता तर पहिल्याच दिवशी तोच पर्याय घेतला गेला असता. स्वस्त पर्याय अर्धं उत्तर देत असेल तरी आधी करून बघावा, महागडा नंतर आहेच.

फिल्टर एका दिशेला बांधला तोही याच प्रश्नामुळे. पोर्ट १८८३ दोन्ही दिशांनी कॅप्चर झालेलं होतं, म्हणजे पुरावा पहिल्या फाइलपासून डिस्कवर होता. कॅप्चर करताना दिशा गाळली असती तर तोही मिळाला नसता, हे एक बरं.

टेस्ट मेसेज सोडून फिल्टर तपासायचं काम वाद झाल्यावर सुचलं, ते पहिल्या तासात व्हायला हवं होतं. आणि टेस्ट प्रत्येक पाठवणाऱ्याकडून, लहान मेसेज आणि मोठा मेसेज दोन्ही. एकाच क्लायंटचा एक मेसेज सापडला म्हणून फिल्टर चालतो असं म्हणून चालत नाही. मजकूर कॉम्प्रेस करून किंवा बेस६४ करून पाठवणारा क्लायंट असता तर अजून वेगळी कसरत. बेस६४ मध्ये तोच शब्द तीन बाइटच्या गटात कुठून सुरू होतो यावर तीन वेगवेगळ्या प्रकारे दिसतो, म्हणजे एका शब्दासाठी तीन फिल्टर. इथे ते नव्हतं, पण विचारून घेतलेलंही नव्हतं.

रूल इंजिनबद्दल थोडं. तो चुकीचा संशयित जवळजवळ दोषी ठरला होता कारण सगळ्यांना तोच हवा होता. तीच फ्रेम एपीआयची निघाली असती तर कोणीतरी दहा वेळा उघडून बघितली असती. ही गोष्ट टूलच्या सेटिंगने सुटत नाही, पण सापडलेली फ्रेम पूर्ण उलगडून दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय मीटिंग लावायची नाही, एवढा नियम करता येतो. तो त्यांनी केला.

आता लोड बॅलन्सर ते ब्रोकर हा टप्पाही टीएलएसवर न्यायचं काम सुरू आहे, म्हणजे पुढच्या वेळी असं सहज मजकुरावर गाळता येणार नाही. म्हणून त्यांनी कमांडच्या जेसनमध्येच पाठवणाऱ्या सर्व्हिसचं नाव, एक आयडी आणि पाठवल्याची वेळ घालायला सुरुवात केली आहे, आणि कंट्रोलर फार जुनी वेळ असलेली कमांड नाकारतो. किती जुनी म्हणजे फार जुनी यावर अजून एकमत नाही, कारण काही पंपांची घड्याळंच मागे-पुढे असतात.